देव्हाऱ्यातली दीपमाळ

आमच्या देव्हाऱ्यात जोतिबा आणि खंडोबा यांचे चांदीचे टाक, पितळेची अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण यांच्या पंगतीला इंग्लंडचा एक पेनी बसलेला आहे. तो तिथे नसावा असे घरातल्या कोणालाही आजवर वाटलेले नाही. माझे आजोबा, म्हणजे आबा, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. दुसऱ्या महायुद्धात ते इजिप्तमार्गे इटलीला गेले आणि युद्ध संपल्यावर कोल्हापूरला शिवाजी पेठेतल्या घरी परतले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक लोकरी कांबळे, दाढीच्या सामानाचा पत्र्याचा डबा आणि त्या डब्यात हा १९३८ सालचा पेनी होता. कोणा गोऱ्या सोजिराकडून तो पत्त्यांत जिंकला, एवढीच त्याची हकीकत ते सांगत, आणि तीही आजी समोर नसताना.

नाण्याच्या एका बाजूला एक स्त्री बसलेली आहे. डोक्याला शिरस्त्राण, एका हाती त्रिशूळ, दुसऱ्या हाताशी गोल ढाल आणि तिच्या पाठीमागे, नाण्याच्या डाव्या काठाला लागून, एक निमुळता मनोरा. आजीला अक्षरओळख नव्हती, पण त्रिशूळ आणि ढाल घेऊन बसलेली बाई कोण, हे तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ही भवानी आणि मागची तिची दीपमाळ, असा निवाडा करून तिने नाणे धुतले, हळदीकुंकू वाहिले आणि टाकांच्या शेजारी ठेवून दिले. ही देवी नव्हे, ही विलायतेची खूण आहे, असे आबांनी तिला दोन-तीनदा समजावून पाहिले म्हणतात. त्यावर आजीने विचारले, ‘मग हातात त्रिशूळ कशाला घेतलाय?’ आबांकडे याचे उत्तर नव्हते. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला सहावा जॉर्ज आहे आणि त्याच्या बिरुदावलीत ‘इंड इंप’ ही लॅटिन अक्षरे आहेत, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. ती अक्षरे इंग्लंडच्या नाण्यांवरून १९४९ पासून गेली. आमच्याकडे मात्र हा सम्राट पाऊणशे वर्षांहून अधिक काळ कुंकवात पालथा पडलेला आहे.

मी बँकेत नोकरीला लागलो आणि रोज हातांखालून जाणाऱ्या नाण्यांमुळे मला नाण्यांचा नाद लागला, तेव्हा कुठे आजीच्या भवानीचे खरे नाव मला कळले. ती ब्रिटानिया, आणि मागचा मनोरा हे प्लिमथ बंदरापासून सुमारे २० किलोमीटरवर भर समुद्रातल्या एडिस्टोन नावाच्या खडकावरचे दीपगृह. इंग्लंडने १८६० साली तांब्याचा पेनी बंद करून कांस्याचा पाडायला सुरुवात केली, त्या वेळी लेनर्ड चार्ल्स वायन या कोरक्याने ब्रिटानियाच्या एका बाजूला दीपगृह आणि दुसऱ्या बाजूला जहाज घातले. १८९५ साली नवी धाटणी आली आणि दीपगृह व जहाज दोन्ही पुसले गेले. १९३७ साली एकटे दीपगृह परत आले आणि पुढे इंग्लंडने दशमान पद्धती स्वीकारून जुना पेनी मोडीत काढला, तोपर्यंत ते आपल्या जागेवर राहिले. तेव्हापासून मी दीपगृहांची नाणी जमवतो आहे. समुद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, घाटावर राहणाऱ्या माणसाने असला छंद धरावा हे गल्लीत कोणालाही पटलेले नाही, आणि समुद्र पाहायचा तर गणपतीपुळ्याला जावे, नाणी कशाला हवीत, हा शेजाऱ्यांचा युक्तिवाद मी गेली तीस वर्षे ऐकतो आहे.

एडिस्टोनची गोष्ट मोठी आहे आणि ती ठाऊक झाल्यावर नाण्यावरच्या तांदळाएवढ्या मनोऱ्याकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. त्या खडकावर आजवर चार दीपगृहे उभी राहिली. पहिले हेन्री विन्स्टनलीने १६९८ साली लाकडाचे आणि दगडाचे बांधले. कसल्याही वादळात आपण या इमारतीत राहू शकू अशी त्याची प्रौढी होती. नोव्हेंबर १७०३ च्या महावादळाच्या रात्री तो खरोखरच आत होता आणि सकाळी खडकावर ना दीपगृह उरले होते, ना विन्स्टनली. दुसरे १७५५ साली जळाले. तिसरे जॉन स्मीटनने बांधले आणि १८६० च्या नाण्यावर आले ते हेच. बुंध्याशी रुंद आणि वर निमुळते होत जाणाऱ्या ओक वृक्षाचा आकार त्याने डोळ्यांसमोर ठेवला, ग्रॅनाइटच्या चिऱ्यांना अशा खाचा पाडल्या की प्रत्येक चिरा शेजारच्यात अडकून बसावा, आणि लाटांखाली चुना धरावा म्हणून निरनिराळ्या खाणींचे चुनखडक भाजून पाहिले. ज्या चुनखडकात चिकणमातीचा अंश असतो त्याचाच चुना पाण्यात घट्ट होतो, हे त्याच्या ध्यानात आले आणि पुढच्या काळातल्या सिमेंटची वाट तिथून निघाली. चुन्यात गूळ आणि हिरडा घालून घाण्यात मळणाऱ्या मुलखातल्या माणसाला ही धडपड परकी वाटत नाही.

ऑक्टोबर १७५९ मध्ये स्मीटनच्या मनोऱ्यात पहिल्यांदा उजेड झाला, तो २४ मेणबत्त्यांचा. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आजीची आठवण झाली, कारण त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या गल्लीतल्या लहानशा देवळाच्या दीपमाळेवर याहून कमी पणत्या लागल्या असतील असे मला वाटत नाही. चोवीस मेणबत्त्यांच्या उजेडाला ती दीपमाळ म्हणाली यात तिचे काय चुकले? पुढे १८८२ साली स्मीटनचा मनोरा उतरवावा लागला, तो मनोरा खचला म्हणून नव्हे, तर त्याच्या खालचा खडक लाटांनी पोखरला म्हणून. वरचा भाग सोडवून प्लिमथच्या किनाऱ्यावर पुन्हा उभा केला आहे, आणि बुंधा इतका पक्का बसला होता की तो आजही खडकावर चौथ्या दीपगृहाच्या शेजारी तसाच आहे.

आमचा पेनी बराच झिजलेला आहे. याचे कारण पत्ते नव्हेत आणि बाजारही नव्हे. याचे कारण चिंच. दर सणाला देवांची भांडी आणि टाक चिंचेच्या कोळाने आणि वर चिमूटभर रांगोळीने घासायचे हा घरचा शिरस्ता, आणि त्यातून पेनी वगळला जाण्याचे काही कारण नव्हते. नाणेसंग्राहकांच्या जगात जुने नाणे घासणे हे महापातक समजतात. वर्षानुवर्षांत धातूवर जो काळपट-तपकिरी थर बसतो तोच त्या नाण्याचे कवच असतो आणि मोलही त्यालाच असते. ही गोष्ट मला कळली तेव्हा आमच्या भवानीचे नाक गेलेले होते.

नाणे नेमके किती झिजले हे पाहावे म्हणून काही वर्षांपूर्वी मी ते गुजरीत ओळखीच्या एका कारागिराकडे नेले. हे गृहस्थ साजाची पाने आणि टाक यांचे ठसे कोरतात. कोल्हापुरी साजातली शंख, चंद्र, कमळ, कासव, भुंगा अशी एकेक पाने सोन्याच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवायची आणि आत लाख भरायची, ही इथली जुनी रीत. त्यामुळे कुंकवाच्या टिकलीएवढ्या जागेत आकार उभा करणे म्हणजे काय हे या माणसाइतके मला दुसरे कोणी सांगू शकले नसते. त्यांनी आधी नाणे काट्यावर ठेवले. नव्या पेनीचे वजन ९.४ ग्रॅम असते. आमचे भरले नऊ ग्रॅम एकशेवीस मिली. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावले, नाणे खिडकीच्या उजेडात आडवे धरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘सर, ह्यो बुरूज कशाचा?’ त्यांनी विचारले. मी सांगितले. ‘बाईचं तोंड गेलं, गुडघा गेला, ढालीची कड गेली. बुरुजाची खिडकी अजून दिसतीया बघा.’ मी भिंग मागून घेतले. खरोखरच, ब्रिटानियाचा चेहरा गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता, त्रिशुळाची टोके बोथटली होती, पण काठाशी दबून उभ्या असलेल्या त्या मनोऱ्याचा माथा, त्यावरचा दिव्याचा घुमट आणि भिंतीवरच्या बारीक खुणा सगळे जागच्या जागी होते आणि त्यांच्या सांदीत कुंकू इतके मुरले होते की ते धातूचाच रंग वाटावे. त्यांनी कारण सांगितले ते असे की ठशात जे सगळ्यांत खोल कोरलेले असते ते नाण्यावर सगळ्यांत उंच येते, आणि बोटे, कापड, चिंच, रांगोळी हे सारे पहिल्यांदा त्या उंचवट्यालाच लागते. दीपगृह कमी उठावाचे आणि वर नाण्याच्या कडेच्या आडोशाला. ‘उंच असतंय तेच आधी झिजतंय. कडंला बसल्यालं ऱ्हातंय,’ असे म्हणून त्यांनी नाणे माझ्या हातात दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

त्यांच्याकडे मी दुसऱ्यांदा गेलो तो प्रसंग मात्र माझ्या लौकिकाला साजेसा नव्हता. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मी इंटरनेटवरून अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीचे रोमन नाणे, म्हणजे कांस्याचा द्राख्मा, साडेचार हजार रुपयांना मागवले होते. एका बाजूला सम्राट अँटोनायनस पायस, दुसऱ्या बाजूला अलेक्झांड्रियाचे जगप्रसिद्ध फॅरोस दीपगृह. एवढ्या स्वस्तात असले नाणे मिळते तेव्हा शंका यायला हवी होती, पण हव्यासापुढे बँकेतला अनुभव चालत नाही. कारागिरांनी ते भिंगाखाली धरले आणि दहा सेकंदांत परत केले. पृष्ठभागावर सुईच्या टोकाने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ होत्या आणि काठावर साच्याच्या दोन अर्धांची रेघ कानशीने घासून लपवलेली होती. ‘ठोकीव न्हवं, ओतीव हाय,’ ते म्हणाले. विक्रेत्याने पुढे माझ्या पत्रांना उत्तर दिले नाही. ते खोटे नाणे मी टाकून दिलेले नाही. खऱ्याची छायाचित्रे पाहताना ते शेजारी ठेवले की खरे नाणे अधिक स्पष्ट दिसते.

फॅरोसविषयी लिहायचे तर त्या दीपगृहाला आज डोळ्यांनी पाहण्याची सोय नाही, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. ते इसवी सनापूर्वी २८० च्या सुमारास टॉलेमी राजांच्या काळात उभे राहिले. निडोसचा सोस्ट्राटस याचे नाव त्याच्याशी जोडले जाते. उंची शंभर मीटरच्या वर असावी असा सर्वसाधारण अंदाज आहे. चौदाव्या शतकातल्या भूकंपांनी ते मोडकळीला आले. इब्न बतूता १३२६ साली तिथे गेला तेव्हा त्याची एक बाजू ढासळलेली होती आणि १३४९ साली पुन्हा गेला तेव्हा त्याला दारापर्यंतही पोहोचता आले नाही. १४७७ च्या सुमारास सुलतान कायतबे याने त्याच जागी किल्ला बांधला आणि पडके दगड त्यात गेले. १९९० च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झाँ-इव्ह एम्परर यांच्या पाणबुड्यांना किल्ल्यालगतच्या समुद्रतळाशी प्रचंड चिरे आणि पुतळे सापडले. इतके सगळे झाल्यावर ती इमारत दिसायला कशी होती हे सांगणारे साक्षीदार उरतात ते मोजके: काही अरब प्रवाशांची वर्णने, काही मोझेक चित्रे, आणि नाणी.

अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीने डोमिशियनपासून कॉमोडसपर्यंतच्या सम्राटांच्या काळात फॅरोस नाण्यांवर घातले. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे एका नाण्यावर खिडक्या जास्त, दुसऱ्यावर कमी; कुठे दार जमिनीलगत तर कुठे थोडे वर. परंतु काही गोष्टी पुनःपुन्हा येतात. निमुळता मनोरा, पहिल्या टप्प्याच्या कोपऱ्यांवर शंख फुंकणारे ट्रायटन, म्हणजे अर्धे मासे आणि अर्धे मानव असलेले समुद्रदेव, आणि शिखरावर एक पुतळा. जर्मन अभ्यासक हर्मन थिअर्श याने १९०९ साली फॅरोसचे जे चित्र मांडले आणि जे थोड्याफार फरकाने आजही पाठ्यपुस्तकांत छापले जाते, त्याला या नाण्यांचा मोठा आधार होता. शंभर मीटर उंचीची इमारत गेली आणि साडेतीन सेंटिमीटरच्या आतबाहेरचा कांस्याचा तुकडा तिची जबानी द्यायला उरला. लुशियनने सोस्ट्राटसची एक गोष्ट सांगितली आहे: त्याने दगडात स्वतःचे नाव कोरले, त्यावर गिलावा केला आणि गिलाव्यावर राजाचे नाव लिहिले, म्हणजे काळाने गिलावा पडावा आणि खालचे नाव उघडे व्हावे. गोष्ट खरी असो वा रचलेली. नाण्यावर ही युक्ती त्याला करता आली नसती. नाण्याची एक बाजू सम्राटाच्या मुखवट्याची, दुसरी इमारतीची, आणि बांधणाऱ्याचे नाव कुठेच नाही.

यातल्या काही नाण्यांवर दीपगृह एकटे नाही. त्याच्या समोर एक देवी उभी आहे आणि तिने वाऱ्याने फुगलेले शीड दोन्ही हातांनी धरून ठेवले आहे. ही इसिस फारिया, नाविकांची रक्षणकर्ती. हे चित्र मी पहिल्यांदा मोठे करून पाहिले ती रात्र मला लख्ख आठवते, कारण मी देवघरात जाऊन पेनी हातात घेतला होता. देवी आणि तिच्याजवळ दीपाचा मनोरा: आजीने १९४६ साली निरक्षर डोळ्यांनी जे वाचले तीच मांडणी अलेक्झांड्रियाच्या अनामिक कोरक्याने अठराशे वर्षांपूर्वी केली होती. योगायोग इथेच संपत नाही. ब्रिटानिया ही इंग्रजांची कल्पना नव्हेच. बाई म्हणून ती पहिल्यांदा नाण्यावर आणली ती रोमनांनी, हेड्रियनच्या काळात, आणि त्याच्यानंतरच्या अँटोनायनस पायसनेही तिला आपल्या नाण्यांवर बसवले. म्हणजे एकाच सम्राटाच्या राज्यात रोमच्या टांकसाळीतून ब्रिटानिया आणि अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीतून फॅरोस अशी नाणी पडत होती. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७२ साली ब्रिटानियाला पुन्हा नाण्यावर आणले, १७९७ साली तिच्या हातात त्रिशूळ आला, १८६० साली मागे दीपगृह आले, आणि मग ती सगळी आरास आबांच्या दाढीच्या डब्यातून शिवाजी पेठेत आली.

तो त्रिशूळ मुळात समुद्रदेव पोसायडनचा. हा देव कोल्हापूरकरांना अगदीच अनोळखी नाही. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात रोमन बनावटीच्या ज्या कांस्यवस्तू सापडल्या त्यांत पोसायडनची एक छोटी मूर्ती आहे आणि ती इथल्या टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात आहे. शाळेच्या सहलीत आम्ही ती पाहिली होती म्हणे. मला त्या सहलीतली फक्त बागेतली भेळ आठवते. ब्रह्मपुरीला १९४५-४६ साली ह. धी. सांकळिया आणि मो. ग. दीक्षित यांनी उत्खनन केले आणि सातवाहन काळातल्या नांदत्या गावाचे थर उघडे केले. त्या काळात या भागात ‘कुर’ असा नावाचा शेवट असलेले राजे होते, आणि त्यांपैकी विळिवायकुर याची नाणी कोल्हापूर परिसरात सापडली आहेत. त्यांवर टेकडीसारखी खूण आणि धनुष्यबाण असतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्याला भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीने हिप्पोकुरा या राजधानीचा आणि तिथल्या बालेओकुरोस राजाचा उल्लेख केला आहे, आणि हा राजा म्हणजेच विळिवायकुर असे अनेक अभ्यासक मानतात.

हा टॉलेमी राहत होता अलेक्झांड्रियात. अँटोनायनस पायसच्या काळात. म्हणजे आमच्या मुलखातल्या राजाचे नाव ज्याने नोंदवले, त्याच्या गावात रात्री फॅरोसचा जाळ दिसत होता, आणि त्याच्या हाताखालून जाणाऱ्या नाण्यांत त्या दीपगृहाचीही नाणी असणार. कोकणच्या बंदरांत उतरलेला माल घाटवाटांनी वर चढत होता आणि त्याबरोबर नावे खाली उतरत होती. गुजरीतल्या कारागिरांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की त्या खोट्या नाण्याचे पैसे परत मिळाले का.

माझ्या संग्रहातल्या बाकीच्या नाण्यांविषयी इतके सांगण्यासारखे नाही, आणि जे आहे ते त्यांच्या सौंदर्यापेक्षा त्यांच्या मागच्या इमारतींचे आहे. जर्सी बेटाचे सात कोनांचे वीस पेन्सचे नाणे आहे, त्यावर ला कोर्बिएरचे दीपगृह आहे. १८७४ साली प्रकाशलेले हे ब्रिटिश बेटांमधले पहिले काँक्रीटचे दीपगृह. पुतणीने अमेरिकेहून आणलेले पाव डॉलरचे नाणे आहे, २००३ साली मेन राज्याच्या स्मरणार्थ काढलेले. त्यावर खडकाळ किनाऱ्यावरचे पेमाक्विड पॉइंटचे दीपगृह आणि समुद्रात एक शिडाचे जहाज आहे. नाणे म्हणून मला ते गर्दीचे वाटते, कारण त्यावर आकाशातले पक्षीसुद्धा आहेत आणि पाव डॉलरमध्ये इतके सामान मावत नाही. परंतु त्या दीपगृहाची कथा कोणत्याही कोल्हापूरकराला पटेल अशी आहे. १८२७ साली बांधलेला पहिला मनोरा काही वर्षांतच भुगा होऊ लागला, कारण ठेकेदाराने चुना कालवायला समुद्राचे खारे पाणी वापरले होते. १८३५ साली नवा मनोरा बांधला तेव्हा करारातच लिहून घेतले की चुन्याला गोडेच पाणी वापरायचे. आमच्या भागात दरवर्षी पावसाळ्यानंतर रस्त्यांची जी अवस्था होते ती पाहता, करारात पाण्याची चव लिहिण्याची ही कल्पना विचार करण्याजोगी आहे.

या सगळ्या नाण्यांना मात्र एक अडचण समान आहे. दीपगृह म्हणजे त्याचा मनोरा नव्हे, त्याचा दिवा. आणि ठशाने धातूवर दगड उठवता येतो, पाणी उठवता येते, उजेड उठवता येत नाही. फार तर चार रेघा ओढता येतात. त्यामुळे नाण्यांवर दीपगृहांना कायमचा दिवसच असतो. या अडचणीतून मला पटलेली वाट एकाच नाण्याने काढली आहे: ट्रिनिटी हाउस या इंग्लंडच्या दीपगृहे सांभाळणाऱ्या संस्थेला आठव्या हेन्रीने १५१४ साली सनद दिली, तिच्या पाचशेव्या वर्षानिमित्त २०१४ साली काढलेले दोन पौंडांचे नाणे. यावर मनोरा नाहीच. दिव्याभोवतीचे काचेच्या लोलकांचे भिंग तेवढे आहे, एकात एक वर्तुळे, नाण्याचा गोल भरून. फ्रेंच अभियंता ओग्युस्ताँ फ्रेनेल याने असे भिंग १८२३ साली कोर्दुआँच्या दीपगृहात पहिल्यांदा बसवले. एक जाडजूड भिंग घडवण्याऐवजी कड्यांसारखे पैलू रचले तर काच कमी लागते आणि दिव्याचा विखुरणारा उजेड एका पट्ट्यात गोळा होऊन दूर जातो, हे त्याने दाखवले. नाणे हातात धरून थोडे फिरवले की त्या वर्तुळांवरून खिडकीचा उजेड सरकत जातो. कोरक्याने उजेड कोरला नाही. तुमच्या घरातला उजेड वापरायची सोय करून ठेवली. त्याच्या काठावर ‘दर्यावर्दींच्या सेवेत’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आहेत.

असे भिंग प्रत्यक्ष पाहावे म्हणून एकदा आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलो आणि रत्नदुर्गाजवळच्या दीपगृहाचा जिना चढलो. गुडघ्यांनी वाटेतच तक्रार सुरू केली. वर गेल्यावर समुद्र दिसलाच, पण तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितलेली गोष्ट त्याहून मोलाची होती: प्रत्येक दीपगृहाच्या लुकलुकण्याची लय ठरलेली असते, कितीदा चमकायचे आणि किती सेकंद थांबायचे, आणि तेवढ्यावरून खलाशी ओळखतो की समोर कुठला किनारा आहे. दिवा नुसता असून भागत नाही, तो कोणाचा हे कळावे लागते. आपल्याकडे ‘दीपस्तंभ’ या शब्दाची जी गत झाली आहे ती मला तेव्हा जाणवली. सत्कारसमारंभ आणि शोकसभा यांतच तो अधिक तेवतो. निवृत्त होणारा प्रत्येक मुख्याध्यापक आणि दिवंगत होणारा प्रत्येक चेअरमन दीपस्तंभ असतो, आणि सगळ्यांची लय सारखीच. मी निवृत्त झालो तेव्हा शाखेत माझाही दीपस्तंभ झाला. म्हणून मी आता लिहिताना दीपगृह हाच शब्द वापरतो.

भारतीय दीपगृहाचे नाणे माझ्या डब्यात नाही. यज्ञश्री सातकर्णीच्या शिशाच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे, तेही मी चित्रातच पाहिलेले. मिनिकॉयच्या दीपगृहाला १९८५ साली शंभर वर्षे झाली तेव्हा टपाल खात्याने काढलेले तिकीट मी नाण्यांच्या अल्बममध्ये लावले आहे, नियमबाह्य असले तरी. खंदेरीच्या किल्ल्यावर १८६७ सालचे दीपगृह आहे आणि त्या बेटाला आज कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे. तटबंदी, तिच्या डोक्यावर अष्टकोनी मनोरा आणि खाली कोळ्यांच्या होड्या, एवढे नाण्यावर सहज मावेल. पाव डॉलरवरच्या गर्दीपेक्षा नक्कीच नीट दिसेल.

गेल्या कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आई देवांची भांडी घासायला बसली होती. आजीच्या पश्चात ते काम तिच्याकडे आहे आणि वय ऐंशीच्या पुढे गेले तरी ते तिने सुनेकडे दिलेले नाही. परातीत टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, निरांजन, घंटी, आणि त्यांच्यात पेनी. मी घाईघाईने पुढे होऊन तो उचलला आणि तिला पुन्हा एकदा सगळे सांगितले: चिंच नको, रांगोळी नको, काळा थर म्हणजे कवच, देवीचे तोंड आधीच गेले आहे, उरले आहे तेवढे तरी राहू दे. तिने शांतपणे ऐकून घेतले.

‘देवीला नाही लावत चिंच,’ ती म्हणाली. ‘पण उद्या त्रिपुर लागणार, आणि दीपमाळ अशी काळी ठेवायची होय रे?’

तिने माझ्या हातातून नाणे घेतले, पदराचे टोक पाण्यात बुडवून पिळले, बोटाला गुंडाळले आणि डाव्या काठाशी तेवढेच, सावकाश, वरून खाली पुसले.